पाण्याला थांबायची जागा

पाणी उताराकडे जातं, हे आपण तिसरीच्या वर्गात शिकतो आणि घर बांधताना विसरतो. घनश्यामराव आणि लीलाबाईंनी घर बांधलं तेव्हा तेही विसरले.

त्यांची शेती दारव्हा रस्त्याला, कापूस आणि सोयाबीनची. मुलाला यवतमाळात नोकरी लागली, नात शाळेत जायची झाली, तेव्हा लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागे शेतं मोडून पाडलेल्या ले-आउटमध्ये त्यांनी प्लॉट घेतला. घर चांगलं झालं. पुढे फरशी, वर स्लॅब. तीन वर्षांपूर्वी वर आणखी दोन खोल्या चढल्या. समोरचा रस्ता दरवेळी जुन्यावरच नवा टाकतात, त्यामुळे तो आता ओट्याच्याही वर आला होता आणि छताचं पाणी पुढे काढायची सोय उरली नव्हती. प्लंबरने सगळं पाणी एका जाड नळीत आणून मागच्या कोपऱ्यात सोडलं. मागे गल्ली होती. गल्लीला उतार होता. उताराखाली डोमाजींचं घर होतं.

डोमाजी कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. टिनाचं घर, पुढे शेणाने सारवलेलं आंगण, गल्लीतून आंगणात उतरायला दोन दगडी पायऱ्या. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरून लीलाबाईंच्या छताचं पाणी वाहायचं. पाऊस थांबला तरी गल्ली दोन-दोन दिवस ओली राहायची आणि पायऱ्यांच्या दगडावर हिरवं शेवाळ धरायचं. गेल्या वर्षी श्रावणात डोमाजींच्या पत्नी, सत्यशीलाबाई, सकाळी नळाचं पाणी भरायला निघाल्या आणि त्या शेवाळावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पलंगावरून उठल्या नाहीत. माघात गेल्या.

पाणी कोणाचं होतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. डोमाजी ते कधी बोलले नाहीत. लीलाबाईही बोलल्या नाहीत. त्यांच्यात तेराव्याच्या जेवणावळी नसतात, पण पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेला, गल्लीतली सगळी माणसं गेली होती. लीलाबाई मागच्या रांगेत बसल्या आणि खीर न घेता परत आल्या. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं संपलं. भांडण झालं नव्हतं, म्हणून मिटवताही येत नव्हतं.

वैशाखात डोमाजींचा मुलगा अश्वजित पुसदहून आला. तिथे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. जाताना तो लीलाबाईंच्या फाटकाशी थांबला.

"काकू, यंदा बाबांले घेऊन जातो पुसदले. घर इकून टाकू."

लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. "ते हो म्हनतात?"

"नाई म्हनतात. पन त्याईचं आता कोन आइकते? या पायऱ्याईवरून माय गेली. आता बाबा पडाची वाट पाहू काय?" मग त्याचा आवाज खाली आला. "वर्षावास होऊ दे, म्हनतात. विहारात वाचन त्याईच्याकडं हाय. आश्विन पौर्णिमेले वर्षावास संपला का मी टेम्पो घेऊन येतो."

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू प्रवास करत नाहीत, एका जागी राहतात. वस्तीवस्तीत त्या दिवसांत विहारात रोज संध्याकाळी धम्माचं वाचन चालतं. इथल्या विहारातलं वाचन कितीतरी वर्षं डोमाजींकडे होतं. वाचताना त्यांचा आवाज लीलाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

अश्वजित गेल्यावर लीलाबाई बराच वेळ तांदूळ पुढ्यात घेऊन बसल्या. सत्यशीलाबाई परत येणार नव्हत्या. पण डोमाजींनी आपल्या घरातून निघून जावं, तेही आपल्या छताच्या पाण्यापायी, हे त्यांना सहन होईना. आश्विन पौर्णिमेपर्यंत ते पाणी थांबवायचं, एवढं एकच त्यांच्या मनाने धरलं.

उपाय सापडला तो नातीकडे. सुरभी सहावीत होती. तिच्या शाळेत विज्ञानाच्या मॅडमनी मुलांकडून छताच्या नळीखाली एक खोलगट जागा करून घेतली होती. त्यात वाळा, कर्दळ, गवती चहा लावला होता. छताचं पाणी त्या खोलगटात उतरायचं, झाडांच्या मुळांशी थांबायचं आणि हळूहळू जमिनीत जायचं. मुलं त्याला पावसाची बाग म्हणत.

"मंग पानी बाहेर नाई जात काय?" लीलाबाईंनी विचारलं.

"लई जोराचा पाऊस आला तरच थोडंसं जाते, आजी. नाही तर सगळं जिरते. मॅडम म्हणे, वाहून जाणारं पाणी कोणाच्याच कामाचं नाही. रस्त्यावरचं तेल, प्लास्टिक, घाण घेऊन नाल्यात जाते. जिरलं तर गाळून खाली जाते. विहिरीले, बोअरले तेच भेटते."

"एका पावसात बोअरले पानी येईन काय?" पलंगावरून घनश्यामराव म्हणाले.

"एका पावसात नाही येत, आबाजी. गल्लीतल्या सगळ्यांनी केलं तर काही वर्षांत येते, असं मॅडम म्हणे."

"मॅडमले म्हना, आधी सगळ्याईले एका ठिकाणी बसवून दाखवा."

पण लीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यातल्या तुटक्या कुंड्या, जुनी सायकल, विटांचे तुकडे उचलायला सुरुवात केली.

त्यांचा मुलगा अमर रविवारी मोकळा असायचा. त्याने आणि घनश्यामरावांनी मिळून खड्डा खणला. खोलगट भिंतीपासून लांब हवं, हे घनश्यामरावांनी आधीच बजावलं. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि घराचा पाया हलवते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून खड्डा कुंपणाशी घेतला, एका खोलीएवढा लांबरुंद, गुडघ्याएवढा खोल. नळी तिथवर वाढवली.

आणि मग लीलाबाईंनी जे केलं ते या भागातल्या कोणीही बाईने केलं असतं. बागेला चांगली माती पाहिजे. चांगली माती म्हणजे काळी माती. त्यांच्या शेतातली माती अशी होती की लोक तिचं नाव घेत. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने ती मागवली आणि स्वतः घमेल्यांनी खड्ड्याच्या तळाशी पसरली, हाताने ढेकळं फोडून. वर वाळा लावला, कर्दळीचे कंद लावले. सुरभीने शाळेतून आणलेली गवती चहाची ठोंबं कडेने लावली.

"इतकी माती मी कपाशीलेबी नाई देल्ली," घनश्यामराव म्हणाले.

"कपाशीले दरसाल देता. इकडं एकदा देऊन पाहा."

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारातून डोमाजींचा आवाज आला. वर्षावास सुरू झाला होता. त्याच आठवड्यात पाऊस लागला.

छत लहान वाटतं, पण त्याच्यावर पडणारं पाणी लहान नसतं. लीलाबाईंच्या घरावर तासभर दणकून पाऊस झाला, तर गच्चीवरच्या त्या काळ्या टाक्या असतात ना, तशा दोन-तीन भरतील एवढं पाणी नळीतून उतरतं. ते सगळं खोलगटात आलं. गल्लीत काही गेलं नाही. लीलाबाई खिडकीशी उभ्या राहून पाहत होत्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी पाणी तिथेच होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. चौथ्या दिवशी त्याच्यावर तवंग आला आणि कर्दळीची पानं पिवळी पडू लागली. सुरभी शाळेतून आली ती दप्तर न काढताच मागे गेली.

"आजी, आमच्या शाळेतलं तं दुसऱ्या दिवशी सकाळीच गायब होते."

"आपली माती ओढून राह्यली असंन अजून," लीलाबाई म्हणाल्या. पण त्यांनाही ते पटलं नव्हतं.

आठवडा उलटला तेव्हा पाण्यात बारीक अळ्या वळवळायला लागल्या. आणि मग दुसरा पाऊस आला. भरलेल्या टबात आणखी पाणी ओतावं तसं झालं. खोलगट वरून वाहिलं, कुंपणाखालची माती घेऊन गल्लीत गेलं आणि नेहमीसारखं डोमाजींच्या पायऱ्यांवरून आंगणात उतरलं. या वेळी ते गढूळ होतं. डोमाजी विहारात जायला पांढरा सदरा घालून निघाले होते. त्यांना काठीने तळ पाहत, भिंतीला धरून जावं लागलं. त्या दिवशी वाचन उशिरा सुरू झालं.

कोणीतरी पुसदला फोन केला. अश्वजित दुसऱ्या दिवशी आला आणि सरळ मागच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

"काकू, पहिले नळी होती. आता तुम्ही तळं केलं."

लीलाबाई कुंपणाखालची वाहून गेलेली माती पाहू लागल्या.

"मी आश्विनापर्यंत थांबत नाई. या रविवारीच नेतो त्याईले."

"नेशील तू," मागून आवाज आला. डोमाजी काठी टेकत आले होते. "पन मी येईन का?"

"बाबा, तुम्ही पाहून राह्यले ना?"

"पाहून राह्यलो. वर्षावासात मी इथून हालत नाई. तुले सांगतलं हाय." डोमाजी कुंपणावरून वाकले आणि पाण्याकडे पाहिलं. सुरभी काडीने कर्दळीचं पान बाजूला करत होती. "पोरी, हात नको घालू त्याच्यात. अळ्या झाल्या. डेंगूचा मच्छर याच्यातच होते."

माघापासून त्या घराशी ते बोललेले हे पहिले शब्द होते, आणि तेही पोरीशी. मग ते वळले आणि अश्वजितच्या हाताला धरून पायऱ्यांकडे गेले.

घरात त्या रात्री जेवताना घनश्यामराव म्हणाले, "बुजवून टाक तो खड्डा. नळी पुढं काढू. मोटर लावू, पानी वर फेकू रस्त्यावर."

"रस्त्यावरून कुठी जाईन?"

"मले काय मालूम? म्युनशिपालटी पाहीन."

"म्युनशिपालटीनं सत्यशीलाबाईले पाह्यलं काय?" लीलाबाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

सकाळी सुरभीने शाळेत मॅडमना विचारलं. मॅडमनी उत्तर सांगितलं नाही, एक काम सांगितलं. चांगले शिक्षक असंच करतात. सुरभीने घरी येऊन पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या कापल्या, बुडाला भोकं पाडली. एकीत खोलगटातली माती भरली. दुसरीत तिने शाळेतून पिशवीत आणलेली माती भरली, लालसर, खडीसारखी. दोन्हींत सारखं पाणी ओतलं आणि दोन्ही ओट्याच्या कडेवर ठेवल्या. घनश्यामराव शेजारी खुर्चीवर बसून पाहू लागले.

लाल मातीतून पाणी लगेच ठिबकायला लागलं. काळ्या मातीच्या बाटलीत पाणी वर तसंच उभं राहिलं. चहा झाला, पिऊन झाला, तरी खालून थेंब आला नाही.

"हा मुरूम कुठून आनला?" घनश्यामरावांनी विचारलं.

"शाळेतून. आमची शाळा टेकडीवर आहे ना. खणलं की हेच निघते."

घनश्यामरावांनी मुरूम चिमटीत घेऊन पाहिला. मग त्यांनी बायकोला हाक मारली.

"लीले, इकडं ये. घर बांधतानी मिस्त्रीनं काय केलतं?"

"काय केलतं?"

"काळी खनून फेकली होती. कमरेएवढी. खाली मुरूम लागला तवा पाया भरला. काळीवर घर उभं राहत नाई, हे गावातल्या पोट्ट्यालेबी मालूम हाय. पहिल्या पावसात भेगा भरतात, आन् मंग ते माती फुगून बंद होते. वावरात दोन दिवस पाय टाकता येत नाई ते कायच्यानं?" ते थांबले. "घराच्या पायातली आपन काढून फेकली, आन् तू बागेत ट्रॉलीनं आनून टाकली. आन् म्याबी टाकू देल्ली."

लीलाबाई बाटलीकडे पाहत राहिल्या. पाणी उभंच होतं. ती माती त्यांची होती, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. तिच्यात कापूस खांद्याला लागायचा. पाणी धरून ठेवणं हाच तिचा गुण होता, म्हणून तर उन्हातही पीक तगायचं. तोच गुण इथे आड येईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग काढू," त्या म्हणाल्या.

पाणी त्यांनी बादल्यांनी उपसलं आणि पुढच्या झाडांना घातलं. श्रावणात पावसाने उघडीप दिली तेव्हा खणायला घेतलं. ओली काळी माती फावड्याला चिकटते, फावडं उचलावं तर माती येते, झटकावं तर पडत नाही. अमर दर रविवारी खणायचा. मधल्या दिवसांत घनश्यामराव आणि लीलाबाई थोडं थोडं. गल्लीतली माणसं जाता-येता थांबायची.

"काहून वो काकू, विहीर खंदून राह्यल्या काय?" समोरचा पिंटू विचारायचा.

"हो. तुले ढकलाले."

खाली गेल्यावर माती आणखी घट्ट लागली. टिकाव उसळून परत यायचा. तिसऱ्या रविवारी दुपारी डोमाजी गल्लीतून येताना कुंपणाशी थांबले. अमर घामाने भिजला होता. डोमाजी घरी गेले आणि लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. ती त्यांनी कुंपणावरून आत दिली.

"टिकावानं नाई होत ते. सब्बलीनं उखड."

अमरने सब्बल घेतली. डोमाजी थोडा वेळ उभे राहिले, मग निघून गेले. संध्याकाळी लीलाबाईंनी ती धुतली, पुसली आणि सुरभीच्या हाती परत पाठवली. सुरभी परत आली ती सब्बल घेऊनच.

"डोमाजी आबा म्हणे, काम झालं का मग दे."

मुरूम लागला तेव्हा सुरभीने खड्ड्यात उतरून एक बादली पाणी ओतलं. पाणी गोल फिरलं, खड्यांत शिरलं आणि तिच्या चपलांखालून नाहीसं झालं. तिने वर पाहिलं. अमरने दुसरी बादली दिली, तीही गेली.

तळाशी गिट्टी टाकली, वर रेती. त्यावर मुरूम, रेती आणि जुनं शेणखत कालवून भरलं, पण काठोकाठ भरलं नाही. वीतभर खोलगट राहू दिलं, कारण पाण्याला आधी थांबायला जागा हवी आणि मग जिरायला वेळ हवा. नळीच्या तोंडाखाली दगड मांडले, पाण्याची धार फुटावी म्हणून. आणि एका बाजूला, गल्लीच्या वरच्या कडेला, दगडांची उथळ वाट ठेवली. फार मोठ्या पावसात थोडं पाणी बाहेर जाणारच. ते सावकाश जावं, माती घेऊन जाऊ नये, एवढं आपल्या हाती असतं. वाळा पुन्हा लावला. कर्दळीचे जे कंद कुजले नव्हते तेही लावले. काढलेली काळी माती ट्रॉलीने परत वावरात गेली.

भाद्रपदात एक दुपार अशी आली की तीन वाजताच दिवे लावावे लागले. वीज गेली. पाऊस टिनांवर असा वाजत होता की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. लीलाबाई डोक्यावर पोतं घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. नळीतून पाणी दगडांवर आपटत होतं. खोलगट भरत होतं. वाळ्याची पाती पाण्यावर आली, मग त्यांची फक्त टोकं दिसू लागली. मग दगडांच्या वाटेवरून एक बारीक धार बाहेर पडली. हाताच्या अंगठ्याएवढी. ती गल्लीच्या कडेने गेली आणि डोमाजींच्या पायऱ्यांपर्यंत पोचायच्या आधीच मातीत पसरली.

पाऊस ओसरला तरी त्या तिथेच उभ्या होत्या. तासाभराने वाळा पुन्हा अर्ध्यापर्यंत दिसू लागला. मग त्या मागचं फाटक उघडून गल्लीत आल्या. गल्ली ओली होती, पण तिच्यावरून पाणी वाहत नव्हतं.

डोमाजी आपल्या ओट्यावर बसले होते. त्यांच्या पायऱ्या पावसाने धुतल्या होत्या आणि दगडाचा मूळ रंग दिसत होता. लीलाबाई पायऱ्यांच्या वर थांबल्या. खाली उतरल्या नाहीत.

"डोमाजीभाऊ."

"या, वयनी."

"हे मांगच्या साली कराले पायजे होतं."

गल्लीतली बाकी माणसं म्हणाली असती, जाऊ द्या, व्हायचं होतं ते झालं. लीलाबाईंना वर्षभर सगळ्यांनी तेच सांगितलं होतं आणि त्याने त्यांना एक दिवसही बरं वाटलं नव्हतं.

"हो," डोमाजी म्हणाले. "कराले पायजे होतं."

लीलाबाईंचे डोळे भरून आले. त्या तशाच उभ्या राहिल्या. डोमाजींनी त्यांना रडू दिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "सत्यशीला म्हने, शेवाळ घासून घ्या. दोन-तीन डाव म्हटलं तिनं. मी म्हटलं, उद्या घासतो. तुमचं पानी होतं वयनी, पन शेवाळ माह्या दारात होतं."

टिनावरून अजून पाणी गळत होतं. ते आंगणात पडत होतं, आंगणातून मागच्या बाजूला जात होतं आणि कुडाच्या खालून पलीकडे. डोमाजी तिकडे पाहत होते.

"हे कुठी जाते, पाह्यलं काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

लीलाबाई पायऱ्या उतरून आल्या. कुडापलीकडे भावसिंगचं घर होतं. भावसिंग चौकात चहाची गाडी लावायचा, घरी चार बकऱ्या होत्या. त्याची बायको फळीने गोठ्यातलं पाणी बाहेर लोटत होती. बकऱ्या एका खाटेवर चढून उभ्या होत्या.

"तुमच्या घराचं पानी तिकडून येते म्हनून मी वर्षभर तिकडं पाहत होतो," डोमाजी म्हणाले. "इकडं कधी पाह्यलं नाई. भावसिंग कधी बोलला नाई."

"तुम्ही बी कुठी बोलले?"

डोमाजींनी मान हलवली. मग ते उठले, काठी घेतली आणि कुडाच्या कडेने चालत, कुठे उतार आहे ते पाहू लागले.

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी डोमाजींनी वाचन संपवलं. पौर्णिमेला विहारात सगळ्यांना खीर दिली. या वेळी लीलाबाई गेल्या आणि त्यांनी खीर घेतली. चमच्याने हळूहळू, संपेपर्यंत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्वजित छोटा टेम्पो घेऊन आला. सोबत ड्रायव्हर, दोऱ्या, सामान झाकायला ताडपत्री. त्याने पायऱ्यांशी टेम्पो लावला आणि आंगणात पाऊल टाकलं, तर आंगणाच्या मागच्या कोपऱ्यात काळ्या मातीचा ढीग होता. ढिगाच्या बाजूला मांडीएवढा खड्डा. खड्ड्यात अमर होता, काठावर डोमाजी सब्बल धरून बसले होते, आणि सुरभी घमेलं भरत होती. भावसिंगची बायको सगळ्यांसाठी चहा घेऊन कुडापलीकडे उभी होती.

"बाबा, हे काय चालवलं?"

"अजून मुरूम नाई लागला. लागन दुपारपावतर."

"मी टेम्पो आनला."

"पाह्यला."

अश्वजित ओट्यावर बसला. पायऱ्यांकडे पाहिलं. वाळलेल्या, स्वच्छ. त्याने बुटाच्या टोकाने दगड घासून पाहिला. बूट सरकला नाही.

"बाबा, मले तिकडं झोप नाई लागत. पाऊस आला का मी तुमाले फोन करतो. तुम्ही उचलला नाई तं..."

"मालूम हाय."

"मायचं मी इसरू शकत नाई."

"कोन म्हनते इसर?" डोमाजींनी सब्बल खाली ठेवली. "अश्वजित, मी इथं तुह्या मायच्या हट्टानं घर बांधलं. तिकडं आलो तं मी खुर्चीवर बसून राहीन, आन् तू दुकानातून मांगं पाहत राहशीन. इथं माह्या टिनाचं पानी भावसिंगच्या गोठ्यात जाते. आधी ते थांबवतो. मंग पुढच्या साली तू ये आन् पायऱ्या पाह्य. ओल्या दिसल्या तं मी सोता टेम्पोत बसीन."

"खरं?"

"आतापावतर तुह्याशी खोटं बोललो काय?"

लीलाबाई गल्लीत आल्या होत्या. अश्वजितने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनीही त्याच्याकडे. त्याने नजर वळवली नाही.

ड्रायव्हर दोऱ्या खांद्यावर टाकून वैतागला होता. "भाऊ, सामान काढता का मी रिकामा जाऊ? पुसदचं भाडं ठरलं हाय."

अश्वजित उठला, बूट काढून ओट्यावर ठेवले आणि पँट दुमडून वर केली.

"रिकामा कायले जातो? काकू, तुमचं वावर कुठी हाय?"

"दारव्हा रस्त्याले."

"ताडपत्री हातर," तो ड्रायव्हरला म्हणाला. "माती न्यायची हाय."

तो खड्ड्यात उतरला आणि त्याने अमरच्या हातून फावडं घेतलं.